सह्याद्रीतल्या घाटवाटा: वाट निवडणं आणि वाट उतरणं

आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला, तेव्हा एका जुन्या विद्यार्थ्याचा आम्हाला फोन आला. म्हणाला, "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे. घाटरस्त्यांवर तुम्ही काय बोलणार?" प्रश्न बरोबर आहे. त्याचं उत्तर शेवटापर्यंत मिळावं अशी आशा करू.

घाटाच्या तोंडाशी उभं राहिलेल्या माणसापुढे दोन प्रश्न असतात. कोणत्या वाटेने जायचं हा पहिला, आणि निवडलेल्या वाटेवर न घाबरता, पण शुद्धीत राहून कसं चालायचं हा दुसरा. माणूस बैल हाकत असो, पालखीत बसलेला असो, नाहीतर मोटारीच्या चाकामागे असो, हे प्रश्न तेच राहतात. सह्याद्रीच्या घाटांचा दोन हजार वर्षांचा इतिहास या दोन प्रश्नांभोवती फिरतो. आज आपण तो थोडक्यात पाहू, आणि शेवटी आपल्या स्वतःच्या गाडीपर्यंत येऊ.

आधी भूगोल. सह्याद्री हा नेहमीच्या अर्थाने डोंगर नाही, ती एक कड आहे. पूर्वेकडून, म्हणजे देशावरून, तुम्ही पुण्याहून किंवा कराडहून निघालात तर चढ फारसा जाणवतच नाही. आणि मग एकदम पायाखालची जमीन संपते, समोर कोकण खाली पसरलेलं दिसतं. लाव्ह्याचे थरावर थर साचून सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी हे पठार तयार झालं, आणि त्याची पश्चिमेची बाजू अशी तुटलेली राहिली. काळ्या दगडाच्या उभ्या भिंती, मध्ये मातकट उतार, पुन्हा भिंत. पायऱ्यांसारखी रचना. त्यामुळे वर चढायला कुठूनही चालत नाही. जिथे ओढ्याने कडा कापलाय, जिथे दोन भिंतींच्या मध्ये खाच आहे, तिथूनच वाट निघते. अशा वाटेला आपण घाट म्हणतो. इंग्रजांनी तो शब्द उचलला आणि अख्ख्या पर्वतरांगेलाच 'वेस्टर्न घाट्स' म्हणून टाकलं. आपल्याकडे घाट म्हणजे वाट, त्यांच्याकडे घाट म्हणजे डोंगर. हा फरक लक्षात ठेवा. आपल्या भाषेने डोंगराकडे चालणाऱ्याच्या पायांतून पाहिलंय.

आता या वाटांचेही प्रकार होते. नाळ म्हणजे कड्यातली अरुंद घळ, दगडधोंड्यांनी भरलेली. शिडीची वाट म्हणजे जिथे हात लावल्याशिवाय चढता येत नाही. भीमाशंकरला खांडसकडून जाणाऱ्या शिडीघाटाचं नावच ते सांगतं. आणि बैलवाट म्हणजे जिथून लादलेला बैल जाऊ शकतो. व्यापारासाठी महत्त्वाची ती ही तिसरी. कोकणातून मीठ वर यायचं, देशावरून धान्य खाली जायचं, आणि ही ने-आण वंजारी-लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर करायचे. वाट कोणती चांगली, तर ज्या वाटेने लादलेला बैल घसरत नाही आणि मुक्कामाला पाणी मिळतं ती. लांबी-रुंदीचा हिशोब नंतर. वाट निवडण्याचं आपल्याकडचं सर्वांत जुनं शास्त्र हे असं होतं: सर्वांत जड ओझं घेतलेला जीव जिथून सुखरूप जातो, ती वाट आपली.

अशा वाटांमधली सर्वांत नामांकित म्हणजे नाणेघाट. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून जुन्नरकडे जाणारी. घाटमाथ्यावरच्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. त्यात केलेल्या यज्ञांची आणि दिलेल्या दानांची यादी आहे, आणि त्या यादीत आकडे आहेत. भारतातल्या संख्याचिन्हांच्या इतिहासात त्या आकड्यांना मोठं स्थान आहे. घाटाच्या तोंडाशी दगडाचा एक मोठा रांजण आहे, त्यात जकातीची नाणी टाकत असं परंपरा सांगते. शेजारी जीवधन किल्ला पहारा करतो. म्हणजे पाहा, राजाने वाट निर्माण केली असं नव्हे. वाट आधीच होती, बैलांनी आणि माणसांनी मळलेली. राजा आला, त्याने त्या वाटेवर लेणं कोरलं, किल्ला राखला आणि जकात बसवली. हा क्रम पुढेही तसाच राहिला.

वाट निवडताना चूक झाली तर काय होतं, याचा धडा आपल्या इतिहासात फेब्रुवारी १६६१ मध्ये मिळतो. शायिस्ताखान पुण्यात तळ देऊन बसला होता. त्याने कारतलबखानाला कोकणात उतरायला पाठवलं. बरोबर माहूरची रायबागन होती. बोरघाटाची वाट मळलेली, सगळ्यांच्या नजरेतली. खानाने ठरवलं की आपण लोणावळ्याच्या बाजूने कुरवंड्याच्या घाटाने गुपचूप खाली उतरायचं. नकाशावर हे हुशारीचं दिसतं. पण तो घाट उतरला की पुढे उंबरखिंड. दोन्ही बाजूंना दाट रान, मधून जेमतेम पायवाट, मोठं सैन्य लांब दोरीसारखं ओढलं गेलेलं, आणि प्यायला पाणी नाही. शिवाजी महाराजांच्या माणसांनी पुढची आणि मागची दोन्ही तोंडं बंद केली. खानाला शरण यावं लागलं, सामान टाकून जीव घेऊन परतावं लागलं. कवींद्र परमानंदांच्या 'शिवभारता'त हा प्रसंग सविस्तर आहे, आणि त्यात रायबागन खानाला चांगलं खडसावते.

आपण ही लढाई गनिमी काव्याचं उदाहरण म्हणून शिकवतो. आज ती दुसऱ्या कारणासाठी सांगतोय. कारतलबखान भित्रा नव्हता. त्याच्याकडे आत्मविश्वास भरपूर होता. नव्हतं ते त्या वाटेचं ज्ञान, आणि ज्यांना ते ज्ञान होतं ते सगळे दुसऱ्या बाजूला होते. ज्ञानाशिवायचा आत्मविश्वास घाटात शिरला की घाट त्याची किंमत मोजून घेतो. हे वाक्य मोटारीलाही लागू आहे, पण तिकडे नंतर येऊ.

आता एकोणिसावं शतक. बैलवाटेचा गाडीरस्ता झाला तो बोरघाटात. १८०४ मध्ये आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, याने लष्कराच्या सोयीसाठी तिथे रस्ता सुधारला. १८३० मध्ये गव्हर्नर जॉन माल्कमच्या काळात चाकाच्या गाड्यांसाठी पक्का रस्ता खुला झाला. हा बदल केवढा होता, विचार करा. बैलाच्या पाठीवर जे ओझं जायचं त्याच्या कितीतरी पट ओझं तोच बैल गाडीला जुंपला की ओढतो. पण गाडीला बैलासारखी उडी मारता येत नाही. तिला उतार हळूहळू लागतो. म्हणून रस्ता लांबला, वळणं आली. नागमोडी वळण ही चाकाची गरज आहे. थेट चढणं पायांना जमतं, चाकाला नाही.

रेल्वेला तर त्याहून सौम्य चढ हवा. बोरघाटातली रेल्वे १८५६ ते १८६३ या काळात बांधली गेली. जेम्स बर्कली हा जीआयपी रेल्वेचा मुख्य अभियंता. जवळजवळ १६ मैलांत १,८३१ फूट चढायचं. सरासरी काढली तर साधारण ४६ फूट पुढे जाताना एक फूट वर, आणि सर्वांत खडा भाग ३७ फुटांना एक फूट. पंचवीस बोगदे, आठ मोठे पूल. एके ठिकाणी तर वळायलाच जागा नव्हती, म्हणून गाडी एका टोकाशी नेऊन थांबवायची, इंजिन दुसऱ्या बाजूला लावायचं आणि उलट दिशेने चढायचं. हे रिव्हर्सिंग स्टेशन १९२९ पर्यंत वापरात होतं. एका वेळी चाळीस हजारांवर मजूर कामावर असत. मजुरीच्या तक्रारीवरून १८५९ मध्ये दंगा झाला, पहिल्या कंत्राटदाराने काम सोडलं. दुसरा, सॉलोमन ट्रेडवेल, भारतात आल्यावर थोड्याच दिवसांत वारला, आणि त्याची पत्नी ॲलिस हिने कंत्राट पुरं करून घेतलं. बर्कलीही १८६२ मध्ये गेला, घाट सुरू झालेला त्याने पाहिला नाही. आणि मजूर? पटकीने, अपघातांनी हजारोंनी मेले. त्यांची नावं कुठे लिहिलेली नाहीत.

इथे आम्हाला थोडं थांबायचं आहे. जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने बोरघाट चढताना शिंग्रोबाचं देऊळ लागतं. आपल्यापैकी अनेकांनी तिथे गाडीतून नाणं टाकलं असेल, निदान मान तरी झुकवली असेल. आख्यायिका अशी: इंग्रजांना घाटातून वर जायचा मार्ग सापडेना. शिंग्रोबा नावाच्या धनगराने, आपल्या जनावरांच्या मागे रोज चालत होता ती वाट त्यांना दाखवली. साहेब खूश होऊन म्हणाला, काय हवं ते माग. तो म्हणाला, आमच्या देशाला स्वातंत्र्य द्या. तेव्हा त्याला गोळी घातली.

ही तोंडी चालत आलेली गोष्ट आहे, सरकारी दप्तरातली नोंद नव्हे, आणि इतिहासकाराने ती तशीच सांगायला हवी. पण ती खोटी म्हणून बाजूला सारायची घाई करू नका. तिचा गाभा पाहा. लोकस्मृती काय म्हणते? वाट शोधली ती जनावरं राखणाऱ्याने. मोजली साहेबाने. नाव लागलं मोजणाऱ्याचं. नाणेघाटात जो क्रम आपण पाहिला तोच हा. आणि या अन्यायाची भरपाई लोकांनी स्वतःच केली. घाट चढणारा प्रत्येक ड्रायव्हर बर्कलीला नाही, शिंग्रोबाला हात जोडतो.

आता तत्त्वज्ञानाची पाळी. न्यायदर्शनात ज्ञानाची चार साधनं सांगितली आहेत, चार प्रमाणं. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्दप्रमाण म्हणजे आप्ताचं सांगणं. मग आप्त कोण? न्यायसूत्रांवरचा भाष्यकार वात्स्यायन त्याची व्याख्या देतो. ज्याने ती गोष्ट स्वतः प्रत्यक्ष जाणली आहे, आणि जशी जाणली तशी ती दुसऱ्याला सांगावी अशी ज्याची इच्छा आहे, तो आप्त. आणि पुढे तो एक धाडसी विधान करतो: हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेंच्छ या सर्वांना सारखंच लागू आहे. म्हणजे आप्तपणा जातीवर, विद्येवर, पदवीवर ठरत नाही. वाटेच्या बाबतीत धनगर आप्त आहे, पीएच.डी. झालेले आम्ही नाही.

वर्गात वर्षानुवर्षं आम्ही ही व्याख्या शिकवली. पण ती खरी कळली ती घाटात, आणि तीही चूक केल्यावर.

चाळीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्याकडे एक जुनी फियाट होती. कराडहून कुंभार्ली घाटाने चिपळूणला चाललो होतो. मागे पत्नी आणि लहान मुलगी. त्या काळी पेट्रोल वाचवायचा एक मूर्ख उपाय सर्रास चालायचा: उतार आला की गाडी न्यूट्रलवर टाकायची. आम्हीही टाकली. भौतिकशास्त्र आम्हाला ठाऊक होतं बरं का. उंचीवरच्या वस्तूत ऊर्जा असते, खाली येताना ती कुठेतरी जायला हवी, इंजिन जोडलेलं नसेल तर ती सगळी ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाणार. हे परीक्षेत विचारलं असतं तर आम्ही पानभर लिहिलं असतं. पण पाय ब्रेकवर दाबून ठेवून आम्ही मजेत उतरत होतो. चार-पाच वळणांनंतर जळकट वास आला. मग पेडल मऊ पडलं. पाय खाली जातोय आणि गाडी ऐकत नाही. तो क्षण अजून अंगावर येतो. कसंबसं गिअरमध्ये घालून, हँडब्रेक ओढत, डोंगराच्या बाजूच्या मातीत गाडी रुतवली.

मागून एक ट्रक आला, थांबला. ड्रायव्हर उतरला, चाकाजवळ वाकून वास घेतला आणि म्हणाला, "साहेब, न्यूट्रलवर आणली ना? अहो, ज्या गिअरात चढायचं त्याच गिअरात उतरायचं. ब्रेक थांबायला असतो, उतरायला नाही." मग पत्नीकडे बघून म्हणाला, "ताई, अर्धा तास बसा. गार होऊ द्या. पाणी मारू नका." आणि गेला. त्याचं नाव विचारायचं आम्हाला सुचलं नाही. आमचा शिंग्रोबा तो.

गिल्बर्ट राइल नावाचा तत्त्वज्ञ १९४९ मध्ये 'द कन्सेप्ट ऑफ माइंड' या ग्रंथात एक भेद मांडतो. अमुक एक गोष्ट अशी आहे हे माहीत असणं वेगळं, आणि एखादी गोष्ट करता येणं वेगळं. दुसरं पहिल्यातून आपोआप निघत नाही. आम्हाला ऊर्जेचा नियम माहीत होता. त्या ड्रायव्हरला उतरता येत होतं. घाटातला आत्मविश्वास हा या दुसऱ्या प्रकारचा असतो. तो छातीत नसतो, हातापायांत असतो.

हे हातापायांतलं ज्ञान महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या कोणी सांभाळलं असेल तर मालट्रकवाल्यांनी आणि एसटीच्या चालकांनी. १ जून १९४८ ला पहिली एसटी पुणे आणि नगरच्या दरम्यान धावली. तो रस्ता तसा सोपा. पण पुढच्या काही दशकांत एसटी आंबोली, फोंडा, करूळ, वरंधा, आंबेनळी, माळशेज अशा घाटांतून रोज जाऊ लागली. त्यांतला आंबेनळी हा एकेकाळचा फिट्झजेराल्ड घाट, मुंबईच्या गव्हर्नरच्या नावाचा. त्याच्या जवळच जुनी रडतोंडीची वाट. नावातच चढणाऱ्याची अवस्था आली! एसटीच्या चालकाला आपण कधी नीट पाहिलंय? वळण येण्याआधी वेग उतरवतो, वळणात नाही. वळणाआधी हॉर्न देतो, मग एक क्षण ऐकतो. हा ऐकण्याचा क्षण महत्त्वाचा, कारण हॉर्न देऊन समोरच्याचं उत्तर न ऐकणं म्हणजे प्रश्न विचारून निघून जाणं. वळण कापत नाही, आपल्या बाजूला राहतो. धुक्यात मोठे दिवे लावत नाही, कारण धुकं तोच उजेड आपल्या डोळ्यांत परत फेकतं. आणि चढत येणाऱ्याला वाट देतो.

हा शेवटचा नियम आता कायद्यातही आहे. २०१७ च्या वाहन चालवण्याच्या केंद्रीय नियमांत म्हटलंय की अरुंद डोंगरी रस्त्यावर उतरणाऱ्याने चढणाऱ्याला आधी जाऊ द्यावं. कारण सोपं आहे. चढावर थांबलेली लादलेली गाडी पुन्हा उचलणं अवघड, ती मागे घरंगळण्याची भीती. उतरणारा थांबला तर त्याचं फारसं बिघडत नाही. पण आम्हाला यात त्या बैलाचीच आठवण येते. ज्याच्या पाठीवर ओझं आहे आणि जो चढतोय, वाट त्याची. घाटातला हा नियम माणुसकीचाही आहे.

आता निवडीकडे परत येऊ. काही वर्षांपूर्वी, पावसाळा सरताना, आम्ही तिघे मित्र भोरहून वरंध्याने महाडला निघालो. तिघेही निवृत्त, तिघांची मिळून दोनशेच्या वर वयं. मोबाइलवर निळी रेघ सरळ महाडपर्यंत. नीरा-देवघरच्या जलाशयाकाठी एका टपरीवर चहाला थांबलो. टपरीवरच्या बाई म्हणाल्या, "काका, पुढं नका जाऊ. परवा दरड आलीय. सकाळीच माझा पोरगा टेम्पो घेऊन अर्ध्यातनं माघारी आला." तेवढ्यात एक तरुण मोटारसायकलवरून आला. त्याला विचारलं तर म्हणाला, "जा की बिनधास्त, मी आत्ताच आलो." आमच्यातले एक जण लगेच उठले. "चला, मोबाइलही तेच म्हणतोय."

कोणाचं ऐकायचं? इथे वात्स्यायन कामाला आला. दोघेही खरं बोलत होते, दोघांनाही आपलं भलंच हवं होतं. पण कशाचं प्रत्यक्ष कोणाला होतं? त्या तरुणाला दोन चाकांच्या वाटेचं प्रत्यक्ष होतं. आमच्या गाडीला चार चाकं. बाईंचा पोरगा चार चाकं घेऊन गेला होता आणि परत आला होता. आमच्या प्रश्नापुरता आप्त तो. आणि मोबाइल? त्याला कशाचंच प्रत्यक्ष नसतं. कालपर्यंत इतर गाड्या कशा गेल्या यावरून तो अनुमान करतो. अनुमान वाईट नाही, पण परवाची दरड त्याच्या अनुमानात यायला वेळ लागतो. आम्ही परत फिरलो, ताम्हिणीने उतरलो, चार तास जास्त गेले. पुढे रस्ता खरंच बंद होता का, हे आम्ही पाहिलं नाही. ते पाहायला जायचं नव्हतं, हाच तर निर्णय होता.

त्या दिवसापासून आम्ही विचारायची पद्धत बदलली. "रस्ता चांगला आहे का?" हा प्रश्न निरुपयोगी. माणूस भिडेखातर "आहे की" म्हणतो. विचारायचं असं: "आज सकाळची एसटी गेली का?" एसटी गेली असेल तर रस्त्याची रुंदी, वळणं, पूल, सगळ्याची परीक्षा एका प्रश्नात होते. जड ओझं जिथून जातं ती वाट आपली, हे बैलाचं शास्त्रच पुन्हा. दुसरा प्रश्न: "तुम्ही स्वतः कधी गेला होतात? कशाने?" आणि तिसरा प्रश्न स्वतःला: अंधार पडायच्या आत आपण घाट उतरू का? उत्तर नाही असेल तर मुक्काम करायचा. यात कसली आलीय लाज?

हे सगळं करूनही घाट घाटच राहतो. २८ जुलै २०१८ ला आंबेनळी घाटात एक बस दरीत कोसळली. बसमधली बाकी सगळी माणसं गेली, एकच वाचला. रोजच्या ओळखीचा तो रस्ता. कारणांची चर्चा आपण इथे करणार नाही, तो आपला अधिकार नाही. एवढंच म्हणू, की घाट ओळखीचा झाला म्हणून तो सौम्य होत नाही. भीतीने हात कापणारा आणि सवयीने हात सैल सोडणारा, दोघेही घाटात सारखेच धोक्यात असतात. आत्मविश्वास या दोघांच्या मधोमध असतो, आणि तो प्रत्येक वळणाला नव्याने कमवावा लागतो.

तर त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचं उत्तर. घाटाचा इतिहास हा, कोणाचं ज्ञान ज्ञान मानायचं, याचा इतिहास आहे. बैलामागे चालणारा वंजारी, शिंग्रोबा, चाकाचा वास घेणारा तो ट्रक ड्रायव्हर, टपरीवरच्या बाई. यांना विचारलं तेव्हा लोक सुखरूप उतरले. कारतलबखानाने आपल्याच हुशारीवर भरवसा ठेवला आणि उंबरखिंडीत अडकला. पुढच्या वेळी बोरघाटात शिंग्रोबापाशी नाणं टाकाल, तेव्हा मनात एवढं म्हणा, की पुढे वाट विचारायची वेळ आली तर आम्ही विचारू, आणि सांगणाऱ्याचं ऐकू. आणि हो, गाडी गिअरमध्येच ठेवा.

आता प्रश्न असतील तर घेऊ.